मुद्देमाल: अंडी अकरा नग

"साहेब, तुमच्या कायद्यानं पयला आरोपी धरला!"

कोंडवाड्याचे शिपाई महबूबभाई दवाखान्याच्या दारात उभे राहून म्हणाले. मी एका बैलाचे दात पाहत होतो. बैलाचा जबडा तसाच सोडून मी वळलो. सहा महिने मी या बातमीची वाट पाहत होतो.

"कोण? गुलाबराव?"

"नाई जी." महबूबभाईंनी मान खाली घातली. "कोंबडी हाय."

मी जनावरांचा डॉक्टर. वाशीम भागात आम्हाला 'ढोर डाक्टर' म्हणतात, आणि त्यात अपमान नसतो. ही गोष्ट चार-पाच वर्षांपूर्वीची, मी ज्या बाजाराच्या गावी नोकरीला होतो तिथली. गावाचं नाव सांगत नाही. तिथले काही लोक अजून मला चहा पाजतात आणि तो मला हवा असतो.

तर कायदा माझा कसा, ते आधी सांगतो. म्हणजे माझ्यावर नीट चिडता येईल.

नगरपालिकेच्या ऑफिससमोर गुलाबरावांचं दुकान होतं. 'मनोरंजन पक्षी भांडार'. गुलाबराव म्हणजे नगराध्यक्षांचे सख्खे साळे. बाकी पात्रता काही नव्हती, लागतही नव्हती. दुकानात पोपट असायचे, एका पिंजऱ्यात इतके की खालच्याच्या डोक्यावर वरच्याचे पाय. मुनिया असायच्या, त्यांना हिरवा-लाल रंग फासलेला. पाण्यात पडली की विलायती पाखराची साधी मुनिया व्हायची. आणि बाजाराच्या दिवशी दारात टोपलंभर रंगीत पिल्लं. मोठ्या शहरातल्या अंडी उबवणाऱ्या कारखान्यांना नर पिल्लांचा उपयोग नसतो. ती टाकून द्यायची पिल्लं गुलाबराव आणायचे, गुलाबी आणि निळ्या रंगात बुचकळायचे आणि लेकराबाळांच्या आयांना विकायचे. पिल्लू दोन दिवस जगायचं. तिसऱ्या दिवशी घरात रडारड. चौथ्या दिवशी दुसरं पिल्लू.

आदल्या वर्षी जवळच्या इंझोरी गावातल्या कोणीतरी असं एक गुलाबी पिल्लू हौसेनं घरी नेलं. त्याच्याबरोबर मानमोडी गेली.

मानमोडी हा कोंबड्यांचा रोग. कोंबडी मान पिळते, पाय ओढते, हिरवं शिटते आणि मरते. औषध नाही. आधी लस टोचली असेल तरच वाचते. हा रोग एका खुराड्यात शिरला की गल्ली झाडून नेतो. मी इंझोरीला पोचलो तेव्हा लोक मेलेल्या कोंबड्या घमेल्यानं वाहत होते. मी खड्डे खणवले, चुना टाकायला लावला, आणि एका बाईला तोंड भरून आश्वासन दिलं. कौसाबाई तिचं नाव. बौद्धवाड्यातली, पन्नाशीची, रोजमजुरी करणारी. तिच्या सगळ्या कोंबड्या गेल्या होत्या. एक तलंग, म्हणजे अजून अंडी न घातलेली पोर कोंबडी, तेवढी शिल्लक होती.

"कौसाबाई, हे रोग विकणारं दुकान मी बंद करतो की नाही बघा," मी म्हणालो होतो. नाटकात शोभेल अशा आवाजात.

"करा बाप्पा," ती म्हणाली होती. फारसा विश्वास न ठेवता.

मी खरंच कामाला लागलो. नगरपालिकेत नवे मुख्याधिकारी आले होते. तरुण, उत्साही. त्यांना मी दुकान दाखवलं. ते नाकाला रुमाल लावून बाहेर आले आणि म्हणाले, "डॉक्टर, आपण उपविधी करू. तुम्ही ड्राफ्ट द्या."

उपविधी म्हणजे नगरपालिकेनं स्वतःच्या हद्दीपुरता केलेला कायदा. मोठे कायदे वर होतात. उपविधी हा त्यांचा गल्लीतला पुतण्या. अंगानं लहान, पण दंड करू शकतो.

ड्राफ्ट मी इंग्रजीत लिहिला. का? मोठ्या शहरांचे नमुने इंग्रजीत होते, हे एक. आणि नव्या साहेबांवर छाप पाडायची होती, हे खरं कारण. शौकासाठी पिंजऱ्यात ठेवायचे पशुपक्षी यांच्या दुकानांवर बंधन, असा माझा मतलब. इंग्रजीत त्याला दोन अक्षरी शब्द आहे: पेट. तो मी ऐटीत सात वेळा वापरला.

मराठी केलं हेडक्लार्क वानखड्यांनी. वानखडे हा माणूस प्रामाणिक. आयुष्यात एक पैसा खाल्ला नाही आणि एक नियम सोडला नाही. त्यांनी डिक्शनरी उघडली. पेट म्हणजे पाळीव. सात ठिकाणी त्यांनी सुबक अक्षरात 'पाळीव' लिहिलं. मराठी प्रत माझ्याकडे सहीला आली तेव्हा दवाखान्यात लस टोचून घ्यायला आलेल्या बैलजोड्यांची रांग होती. मी न वाचता सही केली. वरून मंजुरी आली. ऑफिसबाहेरच्या फळ्यावर उपविधी लागला:

'नगरपालिका हद्दीत कोणीही व्यक्ती लेखी परवान्याशिवाय कोणताही पाळीव प्राणी अथवा पक्षी दुकानात, पिंजऱ्यात, टोपलीत अथवा इतर पात्रात ठेवून विकणार नाही.'

आता तुम्हीच सांगा. मराठी माणसाला पाळीव प्राणी म्हणजे काय? चौथीच्या पुस्तकात काय लिहिलेलं असतं? गाय, म्हैस, शेळी, कोंबडी. पोपट त्या यादीत असतो का?

गुरांच्या बाजाराचे नियम वेगळे होते म्हणून बैल बचावले. बाकी सगळं माझ्या सहीखाली आलं.

कोंडवाडा म्हणजे मोकाट गुरं डांबायची नगरपालिकेची जागा. मी पोचलो तेव्हा आत दोन पोळ म्हणजे सोडलेले वळू, एक गाढवीण आणि कोपऱ्यात डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या उपड्या टोपलीखाली, झाकलेली एक कोंबडी होती. खांबाला दोन कोंबडे पायानं बांधलेले. फाटकाबाहेर कौसाबाई जमिनीवर बसली होती. पाठ ताठ. हात रिकामे.

"जयभीम, डाक्टर भाऊ. तुमीच म्हणे हा कायदा लिवला?"

"लिहिला मीच, पण तो..."

"मंग वाचून दाखवा. माही कोंबडी कोन्त्या वळीत हाय, ते मले दाखवा."

मी वाकून बुटाची नाडी बांधली. वाद न घालता मी नाडी बांधली असं माझ्या बायकोला सांगितलं तर ती तारीख लिहून ठेवेल.

"त्या गुलाबरावाचं दुकान उघडं हाय," कौसाबाई म्हणाली. "आत्ताच पाहून आली मी. पोपट बोलून राह्यले तिथं, 'या बसा, या बसा'. अन् माही कोंबडी कैदेत! असा कसा वं बाई हा कायदा? त्यानं मारल्या त्या कोंबड्या, अन् धरली मले?"

"विकायला आणली होती का?"

"वाट्यानं वाढवलेले कोंबडे इकाले आनले. दोन. घरात तेल नाई, मीठ नाई. ही नाई इकाची! ही खुडूक हाय. अंड्यावर बसली हाय."

खुडूक म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी. ही त्या वेळची तीच तलंग, एकटी उरलेली. आता आई व्हायला बसली होती.

"अहो, मग खुडूक कोंबडी बाजारात कशाला आणली? घरी का नाही ठेवली?"

"घरी कोन हाय? सारे कापूस येचाले गेले. मांजर टपून बसली हाय. अन् डाक्टर भाऊ," ती माझ्याकडे असं पाहू लागली की जणू मी चौथी नापास आहे, "आज तिसरा बाजार हाय. आज तिले सोडून येऊ?"

तिसरा बाजार हे नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर आहे. अंड्यातून पिल्लू यायला एकवीस दिवस लागतात. आमच्याकडच्या बायका ते कॅलेंडरवर मोजत नाहीत. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी कोंबडी बसवायची. आठवड्याला एक बाजार. एक बाजार गेला, दुसरा गेला, तिसऱ्या बाजारी पिल्लं. म्हणजे पिल्लं आज निघणार होती. आज, दुपारी किंवा संध्याकाळी. म्हणून तिनं टोपलीत भुसा घातला, अंडी ठेवली, त्यावर कोंबडी, त्यावर डालगं, आणि एसटीनं मांडीवर घेऊन आली. अंगणात नव्या कोंबड्या यायच्या त्या या टोपलीतूनच. दुसरा रस्ता नव्हता.

मी डालगं उचललं. कोंबडीनं अंग फुगवून मला शिवी दिली. तिच्या पोटाखाली मी हात घातला. कांदे होते.

"अंडे ऑफिसात नेले, साहेब," महबूबभाई हळूच म्हणाले. "हेडक्लार्क साहेब म्हनले, मुद्देमाल हाय. ही उठून पयून राह्यली होती. एकदा बसनं मोडलं की मंग अंड्यावर बसत नाई ना पुन्हा. म्हनून खाली पाच कांदे ठेवले. तिले बी समजते हे आपले नाई, पर बसली बिचारी. क्या करती?"

नगरपालिकेत त्या दिवशी अक्कल होती ती एवढ्या एका माणसात. मी त्यांना म्हणालो, "महबूबभाई, हिला उठू देऊ नका," आणि धावलो. माझी बॅग हातात होती. कौसाबाई माझ्यामागून आली.

वानखडे खुशीत होते. "या डॉक्टर! कारवाई नंबर एक. तुमच्या उपविधीचा शुभारंभ." टेबलावर पंचनामा, म्हणजे साक्षीदारांपुढे केलेली जप्तीची नोंद. 'कोंबडे नग दोन. कोंबडी नग एक. टोपली नग एक. अंडी नग अकरा.' शेजारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा. झाकणाभोवती सुतळी, सुतळीवर लाख, लाखेवर नगरपालिकेचा शिक्का. मुद्देमाल, म्हणजे गुन्ह्यात सापडलेली वस्तू, असा सीलबंद ठेवायचा असतो.

मी डब्याला कान लावला. आत खरवडल्यासारखा आवाज येत होता.

"वानखडे, डबा उघडा."

"नाही उघडता येत. साहेब साइटवर गेलेत. ते आल्यावर, त्यांच्यासमोर."

"डबा हवाबंद आहे."

"असायलाच पाहिजे. मुद्देमाल बदलता कामा नये."

"अहो, आत अकरा जीव आहेत!"

त्यांनी चष्मा लावला, पंचनामा उचलला आणि वाचला. "जीव लिहिलेलं नाही. अंडी आहे. नग अकरा."

माझा संताप त्या क्षणी कुठे पोचला ते मी लिहू शकत नाही, कारण हे बायाबापड्याही वाचतील. तरी मी दात आवळून समजावलं. पिल्लू बाहेर यायच्या आदल्या दिवसापर्यंत त्याला बाहेरून थोडीच हवा लागते, ती कवचातल्या बारीक छिद्रांतून येते. शेवटच्या दिवशी ते चोचीनं आतला पडदा फोडतं आणि पहिल्यांदा श्वास घेतं. मग कवच फोडतं. आजचा दिवस तो आहे. आज त्यांना हवा पाहिजे आणि ऊब पाहिजे. तुम्ही दोन्हींवर शिक्का मारलाय.

वानखड्यांना पटलं. खरंच पटलं, चेहरा उतरला. पण ते म्हणाले, "डॉक्टर, सील तोडलं तर माझी नोकरी जाईल."

"सील नाही ना तोडायचं? ठीक."

मी बॅगेतून ट्रोकार काढला. गाय हिरवं खाऊन फुगते, पोट नगाऱ्यासारखं होतं, तेव्हा तिच्या डाव्या कुशीत भोसकून हवा सोडायचं हे हत्यार. जाड मूठ, पुढे तीनधारी टोक. म्हशीचं कातडं फोडतं, पत्रा काय चीज आहे? अंड्यांच्या वर, झाकणाच्या कडेनं, मी धडाधड सात-आठ भोकं पाडली. लाखेला धक्का लागला नाही. शिक्का जागच्या जागी हसत होता.

"शासकीय डबा!" वानखडे ओरडले.

"बिस्किटाचा आहे. ऊब आणा आता."

कौसाबाई दारात उभी होती ती आत आली. "मले द्या. मी पदराखाली धरते. बसते अथीच."

वानखडे आडवे आले. "मुद्देमाल आरोपीच्या ताब्यात देता येत नाही."

"मंग डाक्टरले द्या."

"डॉक्टर नगरपालिकेचे नोकर नाहीत. ताबा हेडक्लार्कचा असतो."

कौसाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. आपण काय बोलून गेलो ते त्यांच्याही ध्यानात आलं.

"मग बसा, वानखडे," मी म्हणालो. आयुष्यातला इतका गोड आवाज मी लग्नातही काढला नव्हता.

थंडीचे दिवस. त्यांच्याकडे लोकरी शाल होती. त्यांनी डबा मांडीवर घेतला, पोटाशी धरला, वरून शाल ओढली. मी दवाखान्यातून गरम पाण्याची बाटली आणवून ती डब्याखाली सरकवली. हेडक्लार्क, वय त्रेपन्न, सेवा एकोणतीस वर्षं, खुडूक बसले.

कौसाबाई समोर फरशीवर बसली. एखाद्या अनुभवी सासूसारखी.

"हलू नका, भाऊ. खुडूक हलत नाई."

"फाईल तरी घेऊ की नको?"

"फाईल घ्याले वाकसान, अन् डबा कलंडन. काहून घाई करून राह्यले? जेवाले उठते खुडूक, पन फाईल नाई पाहत."

"घाम येतोय मला."

"येऊ द्या. चांगलं हाय ते."

लोक घरपट्टी भरायला यायचे, हे दृश्य पाहायचे आणि पावती न घेता बाहेर जाऊन दुसऱ्यांना घेऊन यायचे. दोन तास हे चाललं. मला हसू येत होतं आणि त्या प्रत्येक हसण्याखाली आग होती, कारण मधूनमधून डब्यातला आवाज थांबायचा. थांबला की कौसाबाई बोलायची थांबे. तिचे ओठ हलायचे. मोजत होती ती. किती जणांचा आवाज येतो ते.

समोरच्या दुकानातून पोपट ओरडत होते, "या बसा."

दुपारी मुख्याधिकारी आले. सोबत साइटचा धुरळा आणि डोक्याला ताप. ते टेबलाशी आले आणि थबकले.

"वानखडे, हा कसला आवाज?"

"काही नाही सर."

"तुमच्या पोटातून येतोय."

वानखड्यांनी शाल बाजूला केली. सीलबंद डबा आठ भोकांतून चिवचिवत होता.

मी साहेबांना सगळं सांगितलं. न थांबता, हातवारे करून, आणि माझी स्वतःची सही न लपवता. साहेबांनी चाकूनं सुतळी कापली. झाकण उघडलं. आत ओली, चिकट, डोळे मिटलेली पिल्लं कवचांत धडपडत होती. रंग कोणालाच फासलेला नव्हता. एकाचा काळा, एकाचा मातीचा, एकाच्या पाठीवर पट्टे.

"हे काय आहे?" साहेब पुटपुटले.

"पाळीव पक्षी, साहेब," मी म्हणालो. "परवान्याशिवाय टोपलीत ठेवलेले. ज्या गुन्ह्यात हे धरले तो झाला तेव्हा हे जन्मालाही आले नव्हते."

नेमके त्याच वेळी गुलाबराव आले. गर्दी बघून गंमत बघायला आले होते. पानानं तोंड भरलेलं.

"काय तमाशा हाय, साहेब? ऑफिसात कोंबड्या पाळून राह्यले काय?"

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग वानखड्यांना म्हणाले, "यांच्या दुकानावर कारवाई का नाही झाली?"

वानखड्यांनी फाईल काढली. आता वाकायला परवानगी होती. "नोटीस दिली होती, सर. यांनी लेखी उत्तर दिलं." त्यांनी वाचलं: 'माझ्या दुकानातील पोपट व मुनिया हे पाळीव नसून रानातून धरून आणलेले आहेत. सबब उपविधी मला लागू होत नाही.' आणि रंगीत पिल्लं? 'विक्री बंद केली आहे.' ती बंद केलेली पिल्लं मागच्या खोलीत होती, हे बाजारातलं कुत्रंही सांगू शकलं असतं.

"बरोबरच हाय ना!" गुलाबराव म्हणाले. "पाळीव म्हंजे काय? कोंबडी पाळीव. पोपट रानातला. कायदा तुमीच केला, शब्द तुमचा हाय. मी काय केलं?"

सगळ्यांत जास्त चीड कशाची आली माहीत आहे? त्याचं बरोबर होतं. त्या लबाडाला मराठी माझ्यापेक्षा चांगलं येत होतं.

मग मी हात पुढे केला. "तो कागद बघू."

वानखड्यांनी दिला. मी तो उजेडात धरला, दोनदा वाचला, सही निरखली. वेळ घेतला. मला वेळ घेता येतो.

"गुलाबराव, सही तुमचीच?"

"माहीच."

"आणि मजकूर खरा? हे सगळे पक्षी तुम्ही रानातून धरून आणले?"

"हो म्हनतो ना. रानातलेच हायेत."

"वा! साहेब, हा कागद मला एक दिवस द्याल? जंगल खात्यात आमच्या ओळखीचा रेंजर आहे. जंगली पशुपक्ष्यांचा नवा कायदा आलाय दिल्लीहून. रानातलं धरून विकणाऱ्यांची तो वाटच पाहतोय. बरं, आपल्याला पुरावा शोधायची गरज नाही. यांनी सहीनिशी लिहून दिलंय."

गुलाबरावांचं पान चावायचं थांबलं.

आता तुम्हाला म्हणून सांगतो. त्या कायद्यात पोपट बसतो की नाही, मला माहीत नव्हतं. मी तो वाचलाच नव्हता. गुलाबरावांनीही वाचला नव्हता. दोघांपैकी घाबरणारा तो होता, एवढाच फरक.

"तसं नाई डाक्टर साहेब," ते म्हणाले. "रानातले म्हंजे... आमच्याच घरी अंड्यातून निघालेले. लहानपनापासून पोसलेले."

"म्हणजे पाळीव?" साहेबांनी विचारलं.

गुलाबरावांनी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग फळ्यावरच्या उपविधीकडे. इकडे रान, तिकडे नगरपालिका. तोंडातला रस गिळून ते म्हणाले, "दुकान आवरतो मी. दोन दिवस द्या."

"आज," साहेब म्हणाले. "आणि मागची खोली आत्ता. चला, मी येतो."

जाण्यापूर्वी साहेबांनी फळ्यावरचा उपविधी काढायला लावला. "हा शब्द बदलला पाहिजे. वानखडे, पेटला दुसरा शब्द?"

वानखड्यांनी डिक्शनरी उघडली. 'लाडका. आवडता.' लाडके प्राणी विकू नयेत, असं लिहायचं की काय, यावर दोघांची चर्चा सुरू झाली. मी पदवीधर, साहेब पदवीधर, वानखडे मॅट्रिक. तिघांना एक शब्द सापडेना.

"अवं साहेब," कौसाबाई जमिनीवरून म्हणाली, "यात काय एवढं? माही कोंबडी पोटाची हाय. त्याचं पाखरू शौकाचं हाय. शौकाचं लिवा ना."

साहेबांनी पेन उघडलं. 'पाळीव' खोडून वर 'शौकाचे' लिहिलं. सात ठिकाणी. ती दुरुस्ती वरून मंजूर होऊन यायला बरेच महिने लागले, पण तोवर कोंबडीवाल्या बायांना हात लावू नये, अशी लेखी ऑर्डर साहेबांनी त्याच दिवशी काढली. कागदावर कुठेही कौसाबाईचं नाव नाही. ड्राफ्ट मात्र 'डॉक्टर यांच्या मौलिक सहकार्याने' असाच नोंदवलेला आहे.

संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही डबा घेऊन कोंडवाड्यावर गेलो. महबूबभाईंनी एकेक कांदा काढून घेतला आणि त्या जागी एकेक पिल्लू सरकवलं. कोंबडीनं मान वाकडी करून प्रत्येकाकडे एका डोळ्यानं पाहिलं. मग पंख पसरले आणि सगळी आत घेतली. मी इतकी वर्षं या धंद्यात आहे. पाच कांद्यांची आठ पिल्लं झाली यावर तिनं एकही प्रश्न विचारला नाही.

होय, आठ.

तीन अंडी तशीच राहिली. दोन अंड्यांना बारीक भोक पडलेलं होतं. म्हणजे आतल्या पिल्लानं सुरुवात केली होती आणि डबा तेव्हा बंद होता. ट्रोकार यायच्या आधी. तिसऱ्याला भोकही नव्हतं.

मला वाटलं कौसाबाई आता आभार मानेल. खोटं कशाला बोलू, मी त्या तयारीत उभा होतो. तिनं दोन कोंबडे काखेत घेतले, टोपली डोक्यावर ठेवली, आणि ती तीन अंडी माझ्या हातात दिली.

"हे तुमचे, डाक्टर भाऊ."

"माझे कसे?"

"सही तुमची हाय ना?"

आणि ती बाजाराकडे गेली. कोंबडे अजून विकायचे होते. बाजार उठत आला होता.

मनोरंजन पक्षी भांडार पुन्हा उघडलं नाही. तिथं आता उदबत्त्या मिळतात. इंझोरीला मी दर वर्षी लस घेऊन जातो. कौसाबाईच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसते, इतक्या कोंबड्या असतात. ती मला चहा देते आणि तेव्हाही माझी मापं काढते.

वानखड्यांची अडचण शेवटपर्यंत राहिली. मुद्देमालाच्या रजिस्टरात अकरा अंडी जमा होती आणि ऑडिटला शिल्लक दाखवता येईना. पुष्कळ विचार करून त्यांनी शेरा लिहिला, 'आठ नग स्वतःच्या पायांनी निघून गेले. तीन नग डॉक्टरांच्या ताब्यात.' ऑडिटनं तो मान्य केला.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. माझ्या सहीचा कोणताही मराठी कागद मी आधी मोठ्यानं वाचतो. ऑफिसात नाही. बाजारात, टोपल्या घेऊन बसलेल्या बायांच्या रांगेत. त्या हसल्या तर मी कागद परत घेऊन येतो.